सेबॅस्टियन शॉ यांना परत आणा

डार्थ व्हेडर हा एकच खलनायक चार माणसांनी मिळून उभा केला होता. काळ्या चिलखताच्या आत डेव्हिड प्राउझ, ब्रिस्टलचा साडेसहा फुटी गडी, वजन उचलण्याच्या स्पर्धा गाजवलेला. आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा. तलवारबाजी सुरू झाली की तेच चिलखत चढवायचे बॉब अँडरसन. हे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून तलवारबाजी खेळलेले. आणि ‘स्टार वॉर्स’च्या मूळ तीन चित्रपटांपैकी शेवटच्यात मुलाच्या, ल्यूकच्या हातून मुखवटा उतरतो तेव्हा खाली दिसतो तो चेहरा सेबॅस्टियन शॉ यांचा. वय शहात्तर, हयात रंगभूमीवर गेलेली. दोन चित्रपट सगळं जग ज्याला घाबरलं, तो आत एक थकलेला, पांढराफटक, जखमांचे वण असलेला म्हातारा निघतो. मुलाकडे एकदा मुखवट्याशिवाय बघतो आणि मरतो. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मधला हा प्रसंग छोटासा आहे, पण तिन्ही चित्रपटांचं ओझं त्याच्यावर आहे.

२००४ साली या चौघांत पाचवा घुसवण्यात आला. डीव्हीडीच्या नव्या आवृत्तीत शेवटच्या दृश्यातून शॉ यांना काढून टाकलं. शेकोटीशेजारी तीन दिवंगत आत्मे उभे राहतात: योडा, ओबी-वान आणि अनाकिन, म्हणजे व्हेडर होण्याआधीचा बाप. तिथे शॉ यांच्या जागी नंतरच्या चित्रपटांत तरुण अनाकिन झालेला हेडन क्रिस्टेन्सन आला. मूळ चित्रीकरण चाललं होतं तेव्हा हा मुलगा जेमतेम वर्षाचा होता. शॉ १९९४ मध्येच वारले होते. त्यांना विचारायची सोय नव्हती.

मुखवटा उतरतो त्या दृश्यात शॉ राहिले, पण संगणकावर त्यांच्या भुवया पुसल्या गेल्या आणि डोळ्यांचा रंग बदलला गेला. नंतर काढलेल्या चित्रपटांशी मेळ बसावा म्हणून.

मला हे मान्य नाही. आज पुण्यात किंवा पणजीत बसून कुणी ऑनलाइन मंचावर हा चित्रपट लावला तर त्याला हीच डागडुजी केलेली प्रत मिळते. १९८३ साली लोकांनी थिएटरात पाहिला तो चित्रपट सरळ मार्गाने मिळत नाही. हे चूक आहे, आणि ते चूक का आहे हे कळायला तो चित्रपट कसा बनला ते बघावं लागतं.

शेवटचा भाग करणाऱ्याच्या डोक्यावर आधीच्या दोन्ही भागांचं देणं असतं. १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ कुणाच्या ध्यानीमनी नसताना चालला. १९८० चा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ लोकांना अर्ध्यावर लटकवून गेला: नायकाचा हात तुटला, मित्र गोठवला गेला, आणि खलनायक म्हणाला, मीच तुझा बाप. हे सगळं निस्तरायचं काम तिसऱ्यावर आलं. या चित्रपटांचे कर्ते जॉर्ज लुकास यांचं दिग्दर्शकांच्या संघटनेशी दुसऱ्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीवरून भांडण झालं होतं आणि ते तिथून बाहेर पडले होते, त्यामुळे मित्र असूनही स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्याकडे काम देता आलं नाही. डेव्हिड लिंच यांना विचारलं, त्यांनी नकार दिला. शेवटी आले रिचर्ड मार्क्वांड, वेल्सचे, ‘आय ऑफ द नीडल’ केलेले. कथा लुकास यांची, पैसा लुकास यांचा, आणि सेटवर लुकास रोज हजर. शेजारच्या खोलीत शेक्सपियर बसलेला असताना ‘किंग लिअर’ बसवावं तशी आपली अवस्था आहे, अशा अर्थाचं मार्क्वांड तेव्हा बोलले होते.

जानेवारी १९८२ मध्ये लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत शूटिंग सुरू झालं. तिथले सगळे फ्लोअर अडवले होते. पुढे अमेरिकेत बाहेरचं शूटिंग करताना ‘स्टार वॉर्स’ हे नाव उच्चारायचीही चोरी, कारण नाव कळलं की बघ्यांची गर्दी होणार आणि लाकूड विकणाऱ्यापासून हॉटेलवाल्यापर्यंत सगळे भाव चढवणार. म्हणून एक खोटा चित्रपट उभा केला: ‘ब्ल्यू हार्वेस्ट’, म्हणे भयपट. त्या नावाच्या टोप्या आणि टी-शर्ट छापून युनिटला वाटले. खऱ्या नावाचाही घोळ झाला. आधी ‘रिव्हेंज ऑफ द जेडाय’ जाहीर झालं, पोस्टर छापून बाहेर गेली, आणि मग जेडाय योद्धा सूड घेत नसतो हे लक्षात येऊन नाव बदललं. तो बदल योग्यच होता. या कथेत बाप सुटतो तो मुलानं सूड नाकारल्यामुळे.

आता हातांकडे येतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यांच्यावर उभं आहे.

जब्बा घ्या. गोगलगायीसारखा सरपटणारा, लाळ गाळणारा, वाळवंटातल्या गुन्हेगारांचा सरदार. आराखडा फिल टिपेट यांचा, बांधणी स्टुअर्ट फ्रीबॉर्न यांच्या चमूची. एक टनाच्या आसपास वजन, खर्च लाखो डॉलर. आणि आत माणसं. टोबी फिलपॉट डाव्या हातात, डेव्हिड बार्कले उजव्या हातात. एकाकडे जीभ, दुसऱ्याकडे जबडा. शेपटीत माइक एडमंड्स. डोळे बाहेरून दूरनियंत्रकावर फिरायचे. आतल्यांना बाहेरचं काही दिसायचं नाही, छोट्या पडद्यावर आपल्याच हातांकडे बघत काम करायचं. जब्बा हसतो तेव्हा पोट हलतं, गाल हलतो, डोळे बारीक होतात आणि शेपूट उचलते, हे सगळं एकाच क्षणी. वेगवेगळ्या माणसांचा श्वास जुळला म्हणून ते हसू एका प्राण्याचं वाटतं. मी तो भाग पुन्हा पुन्हा पाहिलाय, सांधा सापडत नाही.

किंवा जंगलातला पाठलाग. कॅलिफोर्नियातली ती प्रचंड रेडवुड झाडं, त्यांच्या बुंध्यांमधून हवेतल्या दुचाकी सुसाट निघालेल्या. बुंधे अंगावर येतात, बघणारा खुर्चीत मागे सरकतो. आज संगणकावर करतील. तेव्हा गॅरेट ब्राउन, स्टेडिकॅमचा जनक, तो कॅमेरा अंगावर बांधून जंगलातून चालत गेले. चालत! कॅमेरा सेकंदाला एका फ्रेमपेक्षाही कमी वेगानं चालवला. तीच फिल्म सेकंदाला चोवीस फ्रेमनं दाखवली की माणसाची चाल तीसपटीनं वाढते, ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात जाते. पण मग प्रत्येक धक्काही तितक्याच पटीनं वाढणार. म्हणून पावलागणिक कॅमेरा एका रेषेत ठेवायचा, दगड-ओंडके, नेच्यांची झुडपं ओलांडताना खांदा हलू द्यायचा नाही. त्याआधी डेनिस म्यूरेन यांनी खेळण्यातल्या बाहुल्या घेऊन अख्खा पाठलाग व्हिडिओवर काढून बघितला होता, कुठला शॉट कुठे तुटेल ते ठरवायला. चालणारा माणूस आणि बाहुल्या, यांतून वेग निघाला. नट आणि दुचाकी वेगळ्या, निळ्या पडद्यासमोर टिपल्या आणि मागाहून त्या जंगलात बसवल्या.

हे ‘बसवणं’ कसं होतं तेही सांगतो, कारण खरी कसोटी तिथे होती. शेवटच्या अवकाशयुद्धात एकेका शॉटमध्ये डझनावारी यानं उडतात. सगळ्यांत भरगच्च शॉटमध्ये साठाहून जास्त घटक होते. प्रत्येक यान म्हणजे टेबलावर मावणारं मॉडेल, प्रत्येकाचं चित्रीकरण स्वतंत्र, निळ्या पडद्यापुढे, संगणकानं हलवलेल्या कॅमेऱ्यानं. मग प्रत्येक यानाची काळी आकृती वेगळ्या फिल्मवर काढायची, म्हणजे मागच्या ताऱ्यांत त्या आकाराचं भोक राहतं. मग ऑप्टिकल प्रिंटर नावाच्या यंत्रावर एकेक पट्टी त्या भोकात नेमकी बसवत एकाच फिल्मवर छापत जायचं. एक यान झालं, फिल्म उलटी गुंडाळा, दुसरं यान. एखादा धुळीचा कण, केसभर सरकलेली आकृती, रंगात थोडा फरक, की सगळं पहिल्यापासून. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या दृश्यपरिणामांच्या कंपनीत हे काम दिवसरात्र पाळ्यांमध्ये चालायचं. आणि असं करून तयार झालेले शंभरेक शॉट लुकास यांनी संकलन बघून एका दिवसात बाद केले. कथेची गती बदलली, आता ते नकोत. कामगारांनी त्या दिवसाला ‘काळा शुक्रवार’ नाव दिलं. मग ते पुन्हा कामाला लागले आणि २५ मे १९८३ ला चित्रपट वेळेवर लागला. रिचर्ड एडलंड, डेनिस म्यूरेन, केन रॅल्स्टन आणि फिल टिपेट यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. पारितोषिकावर चौघांची नावं, पाठीमागे शेकडो माणसं.

चित्रपट निर्दोष नाही. पहिल्याच भागातला राक्षसी गोल अवकाशतळ पुन्हा बांधून पुन्हा उडवणं ही कथेची आळशी जागा आहे. हॅन सोलो, म्हणजे गोठवला गेलेला तो मित्र, मरावा अशी खुद्द हॅरिसन फोर्ड यांची इच्छा होती आणि सहलेखक लॉरेन्स कॅस्डन यांनाही कुणीतरी जिव्हाळ्याचं जायला हवं होतं. लुकास यांनी ऐकलं नाही. आधीच्या दोन चित्रपटांचे निर्माते गॅरी कर्ट्झ तोवर बाजूला झाले होते. खेळण्यांच्या विक्रीनं कथेचा मोहरा वळवला असं त्यांनी पुढे उघडपणे सांगितलं. त्यात तथ्य आहे. सोलोला तिसऱ्या भागात करायला फारसं कामच नाही, दारापाशी उभा राहून ते उघडायची वाट बघतो. कॅस्डन बरोबर होते.

पण ईवॉकांना नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. काठ्या-दगड घेतलेली कमरेएवढी अस्वलं साम्राज्याच्या पोलादी यंत्रांना पाडतात, हे बालिश आहे म्हणे. व्हिएतनाममध्ये काय झालं ते लुकास यांच्या डोळ्यांसमोर होतं, त्यांनी ते वारंवार सांगितलंय. आणि त्या केसाळ पोशाखांच्या आतही माणसं होती, ठेंगणी माणसं, नीट दिसत नसताना, घामानं निथळत झाडांच्या मुळांवरून धावणारी. वॉर्विक डेव्हिसची निवड झाली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. चार फुटांच्या आतली माणसं हवी आहेत ही जाहिरात त्याच्या आजीनं रेडिओवर ऐकली होती. मुख्य ईवॉक व्हायचे होते केनी बेकर, तेच ते आर-टू-डी-टूच्या डब्यात बसणारे. ऐन वेळी ते आजारी पडले आणि काम या पोराकडे गेलं. नायिका लेआ बेशुद्ध पडलेली, हा तिला काठीनं डिवचतो, दचकतो, मान तिरकी करून बघतो. ती मान तिरकी करणं डेव्हिसनं घरच्या कुत्र्याकडून उचललं होतं. लोकरीच्या निश्चल मुखवट्याखालून एक मूल एवढं सांगू शकतं.

आता या सगळ्यावर नंतर काय फिरलं ते बघा.

१९९७ साली ‘स्पेशल एडिशन’ आली. जब्बाच्या महालातलं बाहुल्यांचं गाणं काढलं आणि संगणकावरच्या प्राण्यांचं नवं गाणं घातलं, लांबलचक, कॅमेऱ्याच्या तोंडाशी येऊन आरडाओरडा करणारं. शेवटचं ईवॉकांचं गाणं काढलं. २००४ मध्ये शॉ गेले. २०११ मध्ये ब्लू-रेवर आणखी एक घाव घातला, आणि माझ्या मते तो सगळ्यांत वाईट आहे. सम्राट मुलाला विजेचे झटके देऊन मारतोय, व्हेडर शेजारी उभा. मूळ चित्रपटात तो एक शब्द बोलत नाही. काळा मुखवटा मुलाकडे वळतो, सम्राटाकडे वळतो, पुन्हा मुलाकडे. मग तो सम्राटाला उचलतो. मुखवट्यावर रेघ हलत नाही, आणि तरी आत काय चाललंय ते शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं. नव्या प्रतीत तिथे व्हेडरच्या तोंडी ‘नो’ घातलं. दोनदा. लुकास यांना त्या मुखवट्यावर विश्वास उरला नाही, प्रेक्षकावरही नाही.

आणि शॉ यांच्याबाबत तर साधा कथेचा प्रश्न आहे. ल्यूकनं बापाचा चेहरा आयुष्यात एकदाच पाहिलाय, मरताना, आणि तो शॉ यांचा आहे. शेकोटीजवळ तोच चेहरा, आता वण नसलेला, शांत, त्याच्याकडे बघून हसतो. म्हणून ल्यूक त्याला ओळखतो, म्हणून आपणही ओळखतो. तिथे विशीतला अनोळखी तरुण उभा केल्यावर मुलानं त्याला ओळखायचं कसं?

मालकाला आपल्या वस्तूचं हवं ते करायचा हक्क आहे, असं सांगितलं जातं. तंत्र अपुरं होतं, पैसा अपुरा होता, मनातला चित्रपट आता पुरा झाला, असं लुकास सांगत आले. त्याला उत्तर खुद्द त्यांनीच देऊन ठेवलंय. मार्च १९८८ मध्ये ते अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष द्यायला गेले होते. जुन्या कृष्णधवल चित्रपटांना मालक कंपन्या रंग फासत होत्या, त्याविरुद्ध. उद्या तंत्र पुढे गेलं की नटांच्या जागी ताजे चेहरे बसवले जातील, संवाद बदलले जातील, असा इशारा त्यांनी तिथे दिला. मालकी हक्क कुणाकडेही असो, चित्रपट लोकांच्या वारशाचा भाग असतो, हा त्यांचा मुद्दा होता. शब्द न् शब्द खरा होता. सोळा वर्षांनी ताजा चेहरा त्यांनीच बसवला.

शिवाय हा त्यांचा एकट्याचा चित्रपट कधीच नव्हता. दिग्दर्शक मार्क्वांड १९८७ मध्ये, पन्नाशीही न गाठता गेले. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून नाव अजून त्यांचं आहे, आणि त्यांनी न पाहिलेली दृश्यं त्या नावाखाली दाखवली जातात.

लुकास यांनी वीस आवृत्त्या काढाव्यात. माझी तक्रार नव्या प्रतीबद्दल नाही, जुनी दडवण्याबद्दल आहे. २००६ साली एकदाच मूळ चित्रपट डीव्हीडीवर दिला, तोही जुन्या लेझरडिस्कच्या प्रतीवरून, अस्पष्ट, जोडीला फुकट दिलेली चकती म्हणून. ऑप्टिकल प्रिंटरवर एकेका धुळीच्या कणासाठी रात्री जागवणाऱ्या माणसांचं काम असं दाखवायचं?

हा विषय आपल्यापासून लांबचा वाटत असेल तर तो लांबचा राहिलेला नाही. लंडनची डबल निगेटिव्ह ही दृश्यपरिणामांची कंपनी २०१४ मध्ये मुंबईच्या प्राइम फोकसशी जोडली गेली, तीच आजची डीएनईजी. ‘ड्यून’च्या पहिल्या दोन्ही भागांना दृश्यपरिणामांचं ऑस्कर मिळालं ते तिच्याच चमूला.  अशा विज्ञानपटांची श्रेयनामावली शेवटपर्यंत बसून वाचली तर मराठी आडनावं सापडतात. नटाच्या केसांची कड फ्रेममागून फ्रेम कोरत बसणारी, तारा पुसणारी, धूळ चढवणारी ही मुलं आहेत. १९८२ मध्ये जे काम काळ्या आकृत्यांचं होतं तेच आज ती पडद्यावर करतात. त्यांचं काम फाइलीत आहे, आणि फाइल बदलायला निगेटिव्ह कापावं लागत नाही. एका रात्रीत मंचावरची प्रत बदलली तर बघणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. ‘जेडाय’चं जे झालं ते त्यांच्या कामाचंही होऊ शकतं, आणि तेव्हा जुनी चकती जपून ठेवलेला कुणी हौशीही नसेल.

२०२१ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत घेतला. जून २०२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं पहिल्या ‘स्टार वॉर्स’ची १९७७ ची प्रिंट मोठ्या पडद्यावर लावली. रंग शाबूत, एकही दुरुस्ती नाही. म्हणजे मूळ चित्रपट लोकांपुढे ठेवता येतो. लुकास यांची कंपनी २०१२ पासून डिस्नेच्या मालकीची आहे आणि तिथे पैशाची अडचण नाही. २०३३ मध्ये तिसऱ्या भागाला पन्नास वर्षं होतील, पण तोवर थांबायचं काही कारण नाही. १९८३ चा चित्रपट स्वच्छ करा आणि मंचावर नव्या प्रतीशेजारी ठेवा. त्यात बाहुल्यांचं गाणं हवं, गप्प राहणारा व्हेडर हवा, आणि शेकोटीशेजारी सेबॅस्टियन शॉ हवेत, भुवयांसकट.